कलामहर्षी बाबूराव पेंटर

कोल्हापूर नगरीची ख्याती जशी अंबाबाईच्या देवळामुळे व कुस्तीच्या तालमींमुळे झाली, तशीच ती तेथील कलावंतांमुळेही झाली आहे. चित्रकार, शिल्पकार, गायक व नट यांची थोर परंपरा या नगरीत नांदली. त्याच परंपरेतील एका मितभाषी चित्रकाराने हलत्या चित्रांचे नवे यंत्र हाती घेतले आणि भारतीय चित्रपटाला चित्रकाराची दृष्टी दिली. बाबूराव कृष्णराव मेस्त्री हे त्यांचे नाव. परंतु लोकांनी त्यांना त्यांच्या व्यवसायाचेच नाव दिले व ते बाबूराव पेंटर झाले.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. त्यांचे वडील कृष्णराव हे हस्तकलेत निष्णात होते. चित्रकलेच्या कोणत्याही विद्यालयात न जाता बाबूराव घरीच पाहून, करून, पुन्हा करून चित्रे व मूर्ती घडविण्यास शिकले. नात्याने बंधू असलेले आनंदराव हे या साधनेत त्यांचे सोबती होते. पुढे हे दोघे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागले. त्या काळी रंगभूमीवर राजवाडा, अरण्य, नगरातील रस्ता हे सारे कापडी पडद्यावरच दाखवीत. पडदा वर गेला की प्रेक्षकाला एका दृष्टिक्षेपात स्थळ, काळ व प्रसंग यांची कल्पना यावी लागे. शब्दावाचून सांगण्याचे हे शिक्षण बाबूरावांना जन्मभर उपयोगी पडले.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट प्रकाशित झाला. तो पाहून या बंधूंच्या मनाने घेतले की, आपणही चित्रपट काढावा. परंतु परदेशी कॅमेरा विकत घेण्याइतके द्रव्य त्यांच्याजवळ नव्हते. तेव्हा कॅमेरा आपणच तयार करावा असा त्यांनी निश्चय केला. हे काम सोपे नव्हते. चित्रपटाच्या कॅमेऱ्यात फितीला एक पाऊल पुढे सरकावे लागते, क्षणभर अगदी स्थिर राहावे लागते, तेवढ्यात तिच्यावर प्रकाश पडून चित्र उमटते आणि लगेच तिला पुन्हा सरकावे लागते. हे सर्व एका सेकंदात सुमारे सोळा वेळा घडते. दात्याच्या चाकात केसाएवढी जरी चूक राहिली, तरी पडद्यावरील चित्र थरथरते.

काम अर्धवट असतानाच १९१६ साली आनंदरावांचे निधन झाले. बाबूरावांचा उजवा हातच गेला. तरीही ते खचले नाहीत. विष्णुपंत दामले या कुशल सहकाऱ्याच्या मदतीने त्यांनी धातूचे एकेक अंग घडविले व १९१८च्या सुमारास कॅमेरा तयार केला. गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिले. कलांचे आश्रयदाते राजर्षी शाहू छत्रपती यांनीही साहाय्य केले आणि 'महाराष्ट्र फिल्म कंपनी' उभी राहिली.

कंपनीचा 'सैरंध्री' हा चित्रपट १९२० साली पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात झळकला. तो काळ मूकपटांचा होता. पात्रांचे बोलणे ऐकू येत नसे. मधूनमधून पडद्यावर अक्षरे उमटत, तेवढाच शब्दांचा आधार. साहजिकच, जे काही सांगावयाचे ते चित्रानेच सांगावे लागे. कीचकवधाचा प्रसंग बाबूरावांनी इतका हुबेहूब साधला की तो पाहताना प्रेक्षकांचा थरकाप होई. अखेरीस तो भाग कापावा लागला! लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहून बाबूरावांना सुवर्णपदक दिले व 'सिनेमा केसरी' या पदवीने त्यांचा गौरव केला.

बाबूरावांची काम करण्याची रीत निराळी होती. चित्रण सुरू करण्यापूर्वी ते पात्रांचे वेश व प्रसंग यांची चित्रे स्वहस्ते काढीत. पात्राने कोठे उभे राहावे, उजेड कोणत्या बाजूने यावा, याचा निर्णय अशा रीतीने कागदावरच होई. ज्या रंगविलेल्या पडद्यांवर त्यांनी आपली कला वाढविली होती, तेच पडदे त्यांनी चित्रपटातून दूर सारले आणि त्यांच्या जागी लांबी, रुंदी व खोली असलेले देखावे उभारले. १९२३ साली निघालेल्या 'सिंहगड' या चित्रपटासाठी त्यांनी रात्रीचे प्रसंग विजेच्या दिव्यांच्या प्रकाशात चित्रित केले. तोपर्यंत सूर्यप्रकाशावाचून चित्रण करण्याची सोय आपल्याकडे नव्हती. आता अंधार हाही त्यांच्या हातातील एक रंग झाला.

चित्रपटाची जाहिरात करण्याचे कामही बाबूरावांनी चित्राकडेच सोपविले. त्या काळी बहुधा नुसत्या अक्षरांची हस्तपत्रके वाटीत. बाबूरावांनी आपल्या चित्रपटांसाठी मोठी रंगीत भित्तिचित्रे काढली. ज्याला वाचता येत नव्हते, अशा माणसालाही रस्त्याने जाताना त्या एका चित्रावरून कथेचा रस कोणता ते समजे. संपूर्ण चित्रपटाचे सार एकाच दृश्यात आणण्याची ही कला होय. १९२४ सालच्या 'कल्याण खजिना' या त्यांच्या चित्रपटाचे भित्तिचित्र आज उपलब्ध असलेल्या भारतीय चित्रपटांच्या भित्तिचित्रांत सर्वांत जुने मानले जाते. हा चित्रपट इंग्लंडमधील वेंब्ली येथील प्रदर्शनातही दाखविण्यात आला व तेथे त्याला पदक मिळाले.

बाबूरावांच्या कलेचा कळस म्हणजे १९२५ सालचा 'सावकारी पाश'. त्या काळी पडद्यावर देवदेवता, राजे व वीर यांचेच राज्य होते. बाबूरावांनी तेथे एक गरीब शेतकरी आणून उभा केला. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून घेतलेल्या या चित्रपटात सावकाराच्या कपटाने शेतकऱ्याची जमीन जाते व पोटासाठी त्याला शहराची वाट धरून गिरणीत राबावे लागते. या तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले होते. चित्रपटातील एक दृश्य विशेष गाजले: काळोखात बुडालेली एक ओकीबोकी झोपडी आणि तिच्यापाशी रडणारे कुत्रे. त्या दृश्यात ना सावकार होता, ना शेतकरी. मूकपट असल्यामुळे कुत्र्याचा आवाजही नव्हता. तरी त्या घरावर कोणता घाला पडला आहे, हे प्रेक्षकाच्या काळजाला तत्काळ भिडे.

पुराणकथांना सरावलेल्या प्रेक्षकांनी मात्र या चित्रपटाला तितकासा आश्रय दिला नाही. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर हे सहकारी बाहेर पडले व त्यांनी 'प्रभात फिल्म कंपनी' स्थापन केली. पुढे बोलपटांचा काळ आला आणि 'महाराष्ट्र फिल्म कंपनी' बंद पडली. तरीही 'सावकारी पाश' बाबूरावांच्या मनातून गेला नव्हता. १९३६ साली त्यांनी तो बोलपटाच्या रूपाने पुन्हा काढला. १६ जानेवारी १९५४ रोजी या थोर कलावंताची प्राणज्योत मालवली.

मूकपटांच्या फिती लवकर पेट घेत आणि न जळल्या तरी कालांतराने आपोआप झिजून जात. त्यामुळे त्या काळचे बहुतेक चित्रपट नष्ट झाले. १९२५चा 'सावकारी पाश'ही आज पाहावयास मिळत नाही. परंतु ज्यांनी तो पाहिला होता, त्यांच्या मनातून ती झोपडी पुसली गेली नाही. पुढे स्वतः चित्रपटनिर्माते म्हणून नावारूपास आलेले जमशेदजी वाडिया यांनी अनेक वर्षांनंतर या चित्रपटाची आठवण सांगितली, तेव्हा बाकीचे सारे धूसर झाले होते. ती अंधारी झोपडी व ते कुत्रे तेवढे त्यांच्या डोळ्यांपुढे होते.

बाबूरावांनी ज्यांना घडविले, त्यांनीही हा वारसा पुढे नेला. प्रभातचा 'संत तुकाराम' हा दामले व फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला. बाबूरावांची स्वतःची फीत नाहीशी झाली, पण तिच्यातील एक चित्र टिकले. एका गरीब घरावर ओढवलेले संकट त्या कलावंताने मनापासून पाहिले होते, म्हणूनच ते इतरांच्या मनात राहिले.