हम्मुराबी राजा

इराकमध्ये युफ्रेटिस नदीकाठी बाबिलोन हे प्राचीन शहर होते. इसवी सनापूर्वी १७९२ च्या सुमारास हम्मुराबी तेथे राजा झाला. त्याने कालवे खोदवले व शेजारची राज्ये जिंकली. आता निरनिराळ्या लोकांना एका कायद्याखाली आणायचे होते. त्या काळी राजा देवाच्या नावाने राज्य करी. म्हणून त्याने काळ्या दगडावर सुमारे २८२ कायदे कोरवले आणि वर न्यायदेव शमाशसमोर उभा असलेला राजा दाखवला. बलवानाने दुबळ्याला छळू नये, विधवा व अनाथ यांना न्याय मिळावा, हा हेतू त्याने त्यात लिहिला. तरीही गुलामाला सरदाराइतका न्याय नव्हता. इसवी सनापूर्वी १७५० च्या सुमारास हम्मुराबी वारला. तो दगड १९०१-०२ मध्ये इराणमधील सूसा येथे सापडला.