स्टेप्टो आणि ४५७ खेपा

आमच्या वहिनींच्या उपचारांची दुसरी खेप फसली, त्या आठवड्यात मी पॅट्रिक स्टेप्टो यांच्याविषयी वाचू लागलो. पहिली 'टेस्ट-ट्यूब बेबी' जन्मास आणणारे डॉक्टर, एवढीच मला त्यांची ओळख होती.

स्टेप्टो १९१३ साली ऑक्सफर्डला जन्मले. डॉक्टर होताच दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात गेले. १९४१ साली क्रीटच्या लढाईत त्यांचे जहाज बुडाले आणि १९४३ पर्यंत ते इटलीत युद्धकैदी होते. १९५१ मध्ये ते ओल्डहॅम या गिरण्यांच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून आले. पोट न फाडता बारीक दुर्बीण आत घालून पाहण्याची विद्या त्यांनी हस्तगत केली आणि १९६७ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला.

१९६८ मध्ये केंब्रिजचे शास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स यांची त्यांना साथ मिळाली. प्रयोगशाळेचे काम जीन पर्डी पाहत. बीजवाहिन्या बंद असलेल्या स्त्रीचे बीज दुर्बिणीने काढायचे, काचपात्रात फलित करायचे व गर्भाशयात सोडायचे, असा हा बेत होता. १९७१ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने अनुदान नाकारले. तरी काम थांबले नाही.

१९६९ ते १९७८ या काळात २८२ स्त्रियांवर बीज काढण्याची शस्त्रक्रिया ४५७ वेळा झाली. ११२ वेळा गर्भ गर्भाशयात सोडले गेले, ५ जणींना दिवस राहिले आणि मुले जन्मली अवघी २. त्यांतली पहिली लुईझ ब्राऊन, २५ जुलै १९७८ ची. १९८० साली स्टेप्टो व सहकाऱ्यांनी केंब्रिजजवळ बॉर्न हॉल येथे उपचार केंद्र काढले. १९८८ मध्ये स्टेप्टो वारले. २०१० चे नोबेल पारितोषिक एडवर्ड्स यांना मिळाले. ते मरणोत्तर देत नाहीत.

मी वहिनींना गणितही मांडून दाखवले. समजा, दर खेपेस यशाची शक्यता ३० टक्के धरली, तर तीन खेपांत ती ९० होत नाही, सुमारे ६६ होते. म्हणजे शंभरातल्या चौतीसजणी तरीही रिकाम्या हाताने परततात. शिवाय वय वाढते तशी शक्यता घटते.

वहिनींनी सारे ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न विचारला तो उरलेल्या २८० जणींचा. मी सांगितले की त्या उपचारांनी त्यांची ओटी भरली नाही. पण औषध द्यावे की नाही, बीज कधी काढावे, हे त्यांच्याच फसलेल्या खेपांतून डॉक्टरांना उमगत गेले.

तिसऱ्या खेपेचा निर्णय वहिनींनी अजून घेतलेला नाही. घरात आता त्यांना कोणी घाई करत नाही.