जस्टिन मॉरिल: आपल्या स्टेट युनिव्हर्सिटीचे मूळपुरुष



मार्च-एप्रिल उजाडला की आपल्या पॉटलकमध्ये एकच विषय असतो. कोणाच्या मुलीला कुठे ऍडमिशन मिळाली, आणि लगेच पाठोपाठ, फी किती? बटाटेवडे गार होतात, पण इन-स्टेट, आउट-ऑफ-स्टेट आणि फाइव्ह-ट्वेंटीनाइनची चर्चा काही संपत नाही. आमची मुले अजून लहान आहेत, तरी शेजारच्या काकूंनी आकडा सांगितला की आमच्या पोटात गोळा येतो.

गंमत अशी की आमच्यापैकी बहुतेकजण अमेरिकेत आलो ते अशाच एखाद्या सरकारी विद्यापीठाच्या आय-२० वर. दोन बॅगा, एक प्रेशर कुकर आणि असिस्टंटशिप मिळेल ही आशा! आमच्या कॅम्पसवर मॉरिल हॉल नावाची लाल विटांची इमारत होती. दोन वर्षे तिच्यासमोरून बस पकडली, पण हा मॉरिल कोण, असा प्रश्न आम्हा इंजिनियर मंडळींना कधी पडला नाही. पुढे मित्रांशी बोलताना कळले की मिनेसोटात मॉरिल हॉल आहे, आयोवा स्टेटमध्ये आहे, कॉर्नेलमध्येही आहे. मग मात्र कुतूहल वाटले आणि शोध घेतला. जे सापडले ते आपल्या सर्वांसाठी लिहीत आहोत.

जस्टिन स्मिथ मॉरिल यांचा जन्म १४ एप्रिल १८१० रोजी व्हरमाँट राज्यातल्या स्ट्रॅफर्ड गावी झाला. वडील लोहार. मुलगा हुशार होता, जवळच्या शाळांमध्ये थोडे शिकलाही, पण कॉलेजला पाठवण्याइतका पैसा घरात नव्हता. पंधराव्या वर्षी शाळा सुटली ती कायमची. मग गावातल्या जेडेडाया हॅरिस यांच्या दुकानात कारकुनी, काही वर्षे मेन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये नोकरी, आणि परत येऊन हॅरिस यांच्याच दुकानात भागीदारी. खिळे, कापड, साखर, सगळे विकणारे आपल्याकडच्या वाण्याच्या दुकानासारखे ते दुकान. मॉरिल त्यात इतके यशस्वी झाले की १८४८ मध्ये, चाळिशीही गाठली नव्हती तेव्हा, धंद्यातून निवृत्त झाले! (आम्ही चाळिशीच्या उंबरठ्यावर आहोत आणि अजून घराचे हप्ते फेडतोय. असो.) मग स्वतः नकाशा काढून घर बांधले, बाग केली, पुस्तके जमवली. १८५१ मध्ये रूथ स्वॉन यांच्याशी लग्न झाले.

पण शिकायचे राहून गेल्याची बोच गेली नसावी. १८५४ मध्ये ते काँग्रेसवर निवडून आले आणि १८५७ च्या डिसेंबरात त्यांनी एक विधेयक मांडले. त्या काळची बहुतेक कॉलेजे लॅटिन-ग्रीक शिकवून वकील आणि पाद्री तयार करणारी. शेतकऱ्याच्या किंवा कारागिराच्या मुलाला तिथे जाऊन करायचे काय, आणि जायला पैसे आणायचे कुठून? केंद्र सरकारकडे पैसा नव्हता, पण पश्चिमेकडे जमीन अफाट होती. तेव्हा ती जमीन राज्यांना द्यावी, राज्यांनी विकून भांडवल उभारावे आणि त्याच्या व्याजावर शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजे चालवावीत, अशी योजना होती. कल्पना एकट्या मॉरिल यांची नव्हती. इलिनॉयचे जोनाथन बाल्डविन टर्नर आधीपासून असेच काही मांडत होते आणि श्रेय कोणाचे यावर अजून वाद होतो. पण विधेयक पुढे ढकलत नेले ते या दुकानदाराने.

खालच्या सभागृहात १०५ विरुद्ध १०० अशा काठावरच्या मतांनी ते पास झाले, सिनेटमध्येही निसटते. आणि फेब्रुवारी १८५९ मध्ये अध्यक्ष ब्युकॅनन यांनी त्यावर व्हेटो मारला. तिजोरीला हे झेपणार नाही आणि राज्यघटनेत शिक्षणासाठी असा अधिकारच नाही, असे त्यांचे म्हणणे. दक्षिणेकडच्या राज्यांचा तर आधीपासून विरोध होता.

दुसरा कोणी गप्प बसला असता. मॉरिलसाहेबांनी वाट पाहिली. यादवी युद्ध पेटले, दक्षिणेचे विरोधक काँग्रेस सोडून गेले, अध्यक्षपदी लिंकन आले. नव्या विधेयकात लष्करी शिक्षणाची भर घातली गेली, कारण युद्धाला अधिकारी हवे होते. २ जुलै १८६२ रोजी लिंकन यांनी त्यावर सही केली. प्रत्येक राज्याला त्याच्या प्रत्येक सिनेटर आणि काँग्रेसमनमागे ३०,००० एकर. न्यूयॉर्कचे ३३ जण, म्हणून ९,९०,००० एकर. छोट्या व्हरमाँटला १,५०,०००.

यातली आर्थिक रचना आम्हाला फार आवडली. मुद्दल किमान पाच टक्के व्याज देणाऱ्या रोख्यांत ठेवायचे, फक्त व्याज खर्चायचे, आणि मुद्दल बुडाले तर राज्याने भरून द्यायचे. त्यातून इमारती बांधायला मनाई. त्या राज्याने स्वतःच्या पैशाने बांधायच्या. म्हणजे केंद्राने बीज द्यायचे आणि राज्याने दरवर्षी पाणी घालायचे. फी माफ करा असे कायद्यात कुठे म्हटले नव्हते, पण अनेक ठिकाणी ती नाममात्र राहिली. लँड-ग्रँटमधूनच उभ्या राहिलेल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या १८६८ च्या कायद्यात तर उत्पन्न पुरेसे होताच राज्यातल्या रहिवाशांना शिक्षण मोफत असावे असे लिहिले होते.

प्रत्यक्षात मात्र बऱ्याच राज्यांनी घाई केली. सगळ्यांनी एकदम विकायला काढल्यावर भाव पडणारच! सरकारी दर एकरी सव्वा डॉलर असताना खुद्द व्हरमाँटला एकरी डॉलरसुद्धा मिळाला नाही. न्यूयॉर्कमध्ये एझ्रा कॉर्नेल यांनी विस्कॉन्सिनमधली पाइनची जंगले वर्षानुवर्षे धरून ठेवली, त्यांतून विद्यापीठाला शेवटी सुमारे ५० लाख डॉलर मिळाले.

आणि ही अफाट जमीन आली कुठून? हा प्रश्न आम्हाला उशिराच सुचला. ती मूळ रहिवासी जमातींची होती. कुठे तुटपुंज्या मोबदल्याचा करार, कुठे बंदुकीचा धाक, कुठे करारही नाही. २०२० मध्ये हाय कंट्री न्यूज या नियतकालिकाने जुने दस्तऐवज जुळवून सुमारे १ कोटी ७ लाख एकरांचा माग काढला. ती जमीन जवळपास २५० जमातींकडून गेली होती. आमच्या त्या लाल इमारतीवरच्या पाटीवर यातले काहीच नव्हते. आमच्या आठवणीत आता दोन्ही गोष्टी बरोबर राहतील.

मॉरिल १८६७ मध्ये सिनेटवर गेले आणि मरेपर्यंत तिथेच राहिले. दोन्ही सभागृहे धरून जवळजवळ ४४ वर्षे! जकातीचा कायदा त्यांच्या नावाचा, काँग्रेसच्या ग्रंथालयाची भव्य इमारत उभी राहण्यातही त्यांचा मोठा वाटा. पण कॉलेजांचा विषय त्यांनी सोडला नाही. नुसत्या व्याजावर भागत नाही हे दिसल्यावर त्यांनी पुन्हा पुन्हा विधेयके आणली आणि १८९० मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, दुसरा मॉरिल कायदा पास करून घेतला. प्रत्येक राज्याला केंद्राकडून वर्षाला १५,००० डॉलर, ते वाढत २५,००० पर्यंत. शिवाय अट अशी की प्रवेशात वर्णभेद करायचा नाही, किंवा मग कृष्णवर्णीयांसाठी वेगळे कॉलेज काढून त्याला न्याय्य वाटा द्यायचा. दक्षिणेने अर्थातच वेगळी कॉलेजे काढली आणि त्यांना वाटा देताना हात आखडला. तरी फ्लोरिडा ए अँड एम, नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी अशा संस्थांना या कायद्याचा आधार मिळाला. २८ डिसेंबर १८९८ रोजी वॉशिंग्टनमध्ये मॉरिल यांचे निधन झाले.

हे वाचताना आम्हाला कर्मवीर भाऊराव पाटील आठवत राहिले. स्वतःचे शिक्षण अर्धवट राहिलेल्या माणसाने १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि कमवा-शिका योजनेतून खेड्यातल्या हजारो मुलांना शिकवले. मॉरिल यांच्या कॉलेजांचा फायदा मराठी माणसालाही फार पूर्वीच झाला, बरं का! वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदर चळवळीच्या काळात ऑरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या शेती कॉलेजांत शिकले. दोन्ही लँड-ग्रँट! पुढे ते मेक्सिकोत शेतीशास्त्राचे नामांकित प्राध्यापक झाले.

आता पुन्हा पॉटलककडे. कॉलेज बोर्डाच्या आकड्यांनुसार सरकारी चार वर्षांच्या कॉलेजांची सरासरी इन-स्टेट फी २०००-०१ मध्ये वर्षाला सुमारे साडेतीन हजार डॉलर होती. महागाई धरली तर २०२३ पर्यंत ती सव्वासहा हजारांच्या आसपास जायला हवी होती. २०२३-२४ मध्ये ती होती ११,२६०. आउट-ऑफ-स्टेट २९,१५०, राहणे-जेवणे वेगळे. हा छापील भाव आहे, अनेकांना अनुदान मिळून कमी भरावे लागते. पण आपल्यासारख्या दोन पगारांच्या घरांना गरजेवर आधारित अनुदान सहसा मिळत नाही.

कारणे बरीच आहेत, पण मोठे कारण त्या पाणी घालण्यातच आहे. राज्यांना दरवर्षी बजेट जुळवावे लागते. मंदी आली की मेडिकेडला, शाळांना हात लावणे कठीण, आणि विद्यापीठाकडे फी वाढवण्याचा मार्ग असतो, म्हणून कात्री तिथे आधी लागते. २००८ च्या मंदीनंतर तेच झाले. ज्या कॅलिफोर्नियात शिक्षण मोफत असावे असे कायद्यात होते, तिथे २००९ च्या नोव्हेंबरात एका फटक्यात ३२ टक्के वाढ मंजूर झाली. मंदी गेली, वाढलेली फी मात्र परत खाली आली नाही.

आपल्यात आणखी एक काळजी असते, तिच्याबद्दल चारचौघांत कमी बोलले जाते. इन-स्टेट कोणाला म्हणायचे हे प्रत्येक राज्य आपले आपण ठरवते. ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षे गेली आणि एच-४ वरचे मूल २१ वर्षांचे झाले, की ते स्टुडंट व्हिसावर जाते आणि जिथे लहानाचे मोठे झाले त्याच राज्यात कधी कधी परका विद्यार्थी ठरते. ज्यांची मुले नववी-दहावीत आहेत त्यांनी आपल्या राज्याचे नियम आत्ताच वाचून ठेवावेत. कॉलेजच्या रजिस्ट्रारकडे लेखी विचारावे, फोनवरच्या उत्तरावर विसंबू नये. आमच्या एका मित्राला फोनवर एक सांगितले गेले आणि बिलावर दुसरेच आले.

आणि मॉरिल यांचे व्हरमाँट? तिथल्या विद्यापीठाच्या विश्वस्तपदी ते कित्येक वर्षे होते. आज राज्याकडून फारच थोडा पैसा मिळणाऱ्या सरकारी विद्यापीठांत त्याचा नंबर वरचा लागतो आणि त्याची इन-स्टेट फी देशातल्या सर्वांत जास्त फींपैकी एक आहे.

स्ट्रॅफर्डचे त्यांचे घर अजून उभे आहे, फिकट गुलाबी रंगाचे, गॉथिक धाटणीचे, आता राज्याच्या मालकीचे स्मारक. फॉल कलर्स बघायला व्हरमाँटला जाणार असाल तर वाट थोडी वाकडी करून जरूर जा. हिवाळ्यात ते बंद असते, तेव्हा निघण्यापूर्वी वेळा बघून घ्या, आणि डबा बरोबर घ्या. गाव अगदीच छोटे आहे!