बल्ब उडतो का? : मला भावलेला लँगम्यूर

थोर शास्त्रज्ञांची चरित्रं वाचली की आपण जरा दबूनच जातो. ही माणसं वेगळ्याच मातीची, असं म्हणतो आणि पुस्तक मिटून सबमिशनच्या मागे लागतो. आयर्विंग लँगम्यूर मात्र मला आपल्यातला वाटतो, कारण तो मुळात इंजिनिअर!

३१ जानेवारी १८८१ ला ब्रुकलिनमध्ये त्याचा जन्म झाला. १९०३ साली कोलंबिया विद्यापीठातून मेटलर्जीची पदवी घेतली. मग जर्मनीत गॉटिंगेनला नर्न्स्टच्या हाताखाली १९०६ मध्ये डॉक्टरेट. परत येऊन तो न्यू जर्सीत केमिस्ट्री शिकवू लागला, पण लेक्चर्सच्या रगाड्यात संशोधनाला वेळच मिळेना. १९०९ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तो स्केनेक्टडीला जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत गेला आणि तिथलाच होऊन राहिला. प्रयोगशाळेचा प्रमुख व्हिटनी याने त्याला कुतूहलामागे जाऊ दिलं, हे त्याचं भाग्य!

त्या काळात टंगस्टनच्या तारेचे दिवे नवे होते. काही दिवसांनी काच आतून काळी पडायची, उजेड घटायचा. बल्बमध्ये हवेचा अंश उरतो, त्याचाच हा प्रताप. तेव्हा व्हॅक्यूम आणखी चांगला करा, असा सगळ्यांचा सूर होता. लँगम्यूरने नेमकं उलटं केलं. ज्यांच्यावर संशय, ते वायू एकेक करून मुद्दाम आत सोडले आणि काय होतं ते पाहिलं. पाण्याची वाफ खरी गुन्हेगार निघाली. पण ती पूर्ण काढली तरी काच काळी पडतच होती! कारण तापलेल्या तारेतून टंगस्टनच उडून काचेवर बसत होतं.

मग उपाय सुचला. आत नायट्रोजन भरला तर हे उडणं कमी होतं. पण वायू तारेची उष्णताही पळवतो, आणि बारीक तारेला त्याचा फटका जास्त बसतो. म्हणून त्याने तारेचं घट्ट स्प्रिंगसारखं वेटोळं केलं, म्हणजे ती जाड तारेसारखी वागते. १९१३ मध्ये वायू भरलेला दिवा तयार झाला. पुढे नायट्रोजनच्या जागी मुख्यतः अरगॉन आला.

याचा आपल्याशी काय संबंध? मध्यंतरी घरच्या जुन्या गाडीच्या एसी पॅनलमागचे बल्ब मी बदलले. होल्डर पाव आटा फिरवला की बल्ब हातात येतो. १२ व्होल्टचा, जेमतेम एक-सव्वा वॅटचा जीव. काच काळपट, तार तुटलेली. अशा चिमुकल्या बल्बमध्ये बहुधा वायू नसतोच, कारण इतक्या बारीक तारेला वायूने होणारं नुकसान फायद्यापेक्षा मोठं! हे गणितसुद्धा लँगम्यूरच्याच मोजमापांतून कळतं. गाडी चालू असताना व्होल्टेज १४ च्या आसपास जातं आणि त्याने बल्बचं आयुष्य झपाट्याने घटतं. सगळे बल्ब एकाच वयाचे असतात, त्यामुळे एक गेला की बाकीचेही फार दिवस टिकत नाहीत. खरी मेहनत पॅनल उघडण्यात आहे, म्हणून मी सगळेच बदलून टाकले.

तापलेल्या तारेवर वायूचे रेणू कसे चिकटतात, याच अभ्यासातून पुढे त्याचं पृष्ठभागांचं रसायनशास्त्र उभं राहिलं आणि १९३२ चं नोबेल मिळालं. वायूच्या विद्युतभारित अवस्थेला १९२८ मध्ये प्लाझ्मा हे नाव त्यानेच दिलं. १९४६ नंतर तो कृत्रिम पावसाच्या मागे लागला. तिथे मात्र त्याचे मोठमोठे दावे अनेक हवामानतज्ज्ञांना पटले नाहीत. १६ ऑगस्ट १९५७ ला तो गेला.

बल्ब बदलणं कुणालाही जमतं. लँगम्यूर त्याआधी तो का उडाला हे विचारायचा, आणि उत्तर मिळेपर्यंत जागचा हलायचा नाही. पुढच्या प्रॅक्टिकलला रीडिंग चुकीचं आलं, तर शेजारच्या जर्नलमधून उतरवण्याआधी निदान एकदा तरी आपण का, असं विचारून बघूया की!