इमाम गझाली आणि देवाची ९९ नावं



आपण सगळे इंदूर, बेळगाव, हैदराबाद, बडोदा, जिथं कुठं असू तिथं शेजारीपाजारी अब्दुल करीम, अब्दुल रहीम ही नावं ऐकतोच. करीम म्हणजे उदार, रहीम म्हणजे दयाळू, आणि ही दोन्ही नावं देवाची. 'अब्द' म्हणजे दास. आपल्याकडं हरिदास, रामदास म्हणतात तसंच हे. अशी ९९ नावं मुसलमान परंपरेत सांगितली आहेत. त्या नावांवर एक अख्खा ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाबद्दल आज थोडं सांगतो.

अबू हामिद गझाली यांचा जन्म १०५८ चा, इराणमधल्या तूस गावचा. घरची गरिबीच. वडील लवकर गेले. जाताना दोन्ही मुलं आणि होते नव्हते ते पैसे एका सूफी मित्राच्या हवाली करून गेले. पैसे संपले तेव्हा त्या भल्या माणसानं मुलांना मदरशात घातलं, कारण तिथं निदान जेवण मिळे.

मुलगा बुद्धीचा इतका तेज निघाला की १०९१ मध्ये बगदादच्या निजामिया मदरशात मुख्य आचार्य झाला. वय अवघं ३३. समोर ३०० विद्यार्थी, दरबारात मान, वादात कुणी टिकेना.

आणि मग १०९५ साली जीभच थांबली. शिकवायला बसले तरी तोंडातून शब्द फुटेना. अन्न गिळवेना. वैद्यांनी हात टेकले, दुखणं मनातलं आहे म्हणाले. गझालींनी पुढं स्वतःच लिहून ठेवलंय की आपण देवासाठी नाही, मानासाठी शिकवतोय हे त्यांना सहा महिने खात होतं, पण खुर्ची सुटत नव्हती. शेवटी मुलाबाळांपुरतं ठेवून बाकी सगळं वाटून टाकलं. मक्केला जातो असं लोकांना सांगितलं आणि निघाले दमास्कसला. तिथल्या मोठ्या मशिदीच्या मिनारात दार लावून दिवसभर बसत. पुढं जेरुसलेम, हेब्रॉन, मक्का.

नावांवरचा ग्रंथ या घर सोडण्यानंतरचा. त्यात ते म्हणतात, नाव नुसतं कानावर पडणं जनावरालाही जमतं. त्याचा अर्थ कळणं भाषा येणाऱ्या कुणालाही जमतं. त्यावर विश्वास ठेवणं लहान पोरालाही. खरं काम त्यापुढचं : प्रत्येक नावातला आपला वाटा उचलायचा. देव रहमान आहे ना, मग चुकलेल्या माणसाकडं तुच्छतेनं बघू नये. देव मलिक, म्हणजे राजा. तर आपण निदान आपल्या रागावर आणि जिभेवर राज्य करावं. देव गफ्फार, म्हणजे दोष झाकणारा. म्हणून दुसऱ्याचं उणं आपणही झाकावं. इथं ते येशूची एक गोष्ट देतात. वाटेत कुत्रं मरून पडलेलं. शिष्य दुर्गंधीबद्दल बोलत होते, येशूनं मात्र त्याचे पांढरेशुभ्र दात दाखवले.

हे वाचताना आम्हालाच टोचलं. सकाळी नामावली पुढं पाठवायची आणि दुपारी फोनवर जावेचं गाऱ्हाणं! असो.

९९ नावांत 'अल्लाह' हे त्यांनी सर्वांत थोर मानलं, कारण बाकीची नावं एकेक गुण सांगतात, हे सगळ्यांना पोटात घेतं. त्यातला आपला वाटा कोणता? मन त्याच्याखेरीज कशाकडंच न वळणं.

हेब्रॉनला त्यांनी शपथ घेतली होती : राजाकडं जाणार नाही, त्याचा पैसा घेणार नाही, वादविवाद करणार नाही. तरी ११०६ मध्ये वजिराच्या आग्रहावरून निशापूरला पुन्हा शिकवायला गेले. काहींनी नावं ठेवली असतील. त्यांचं म्हणणं एवढंच की पूर्वी मान मिळवायची विद्या शिकवली, आता तो सोडायची शिकवतो.

शेवटी तूसलाच परतले. १८ डिसेंबर ११११, सोमवार. धाकटे भाऊ अहमद सांगत की पहाटे त्यांनी हातपाय धुऊन नमाज पढली, कफन मागवलं, डोळ्यांना लावलं आणि मक्केकडं तोंड करून आडवे झाले. उजाडायच्या आत प्राण गेला होता.