सासवण्याचे मूर्तिकार नानासाहेब करमरकर

अलिबागेच्या उत्तरेस समुद्राला लागून सासवणे म्हणून गाव आहे. मुंबईहून लाँचने मांडव्यास उतरावे, तेथून थोडक्याच अंतरावर. या गावात १८९१ साली विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म झाला. पुढे लोक त्यांना नानासाहेब म्हणू लागले. वडील शेती करीत आणि गणपतीच्या मूर्तीही घडवीत. म्हणजे मातीला आकार कसा द्यावा, हे पोराने घरातच पाहिले. पण त्या मूर्तींचे आयुष्य ते काय! आज मखरात, उद्या पाण्यात. घडवायचे आणि सोडून द्यायचे, हा त्या घराचा परिपाठ.

मुलाने देवळाच्या भिंतीवर घोड्यावरचे शिवाजीमहाराज चितारले. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड फिरतीवर आले असता त्यांनी ते पाहिले आणि मुलाला मुंबईस जे. जे. कलाशाळेत धाडण्याची व्यवस्था केली. साहेब परका खरा, पण पारखी! तेथून कलकत्ता, सुरेंद्रनाथ टागोरांचा आश्रय मिळाला. १९२० साली विलायतेस जाऊन लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिक्षण झाले.

भिंतीवरचा तो घोडा मात्र त्यांना सोडीना. पुण्यात महाराजांच्या स्मारकाची कोनशिला १९२१ साली बसली होती. काम पुढे करमरकरांकडे आले. घोड्यासकट १३॥ फूट उंचीचा ब्राँझचा पुतळा मुंबईत माझगावच्या गोदीत ओतला आणि आगगाडीने पुण्यास नेला. १९२८ च्या जूनमध्ये त्याचे अनावरण झाले. आषाढीला पालख्या पुण्यात शिवाजीनगर भागातून येतात, तेथून जवळच शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी शाळेच्या आवारात तो उभा आहे. वारकरी मंडळींनी वाट थोडी वाकडी करून पाहावा.

नानासाहेबांचे नाव त्या पुतळ्याने झाले. पण त्यांचे मन पाहायचे तर सासवण्याच्या घरीच गेले पाहिजे.

आपल्या शिल्पशास्त्रात देवमूर्तीला तालमान सांगितले आहे. नवताल मूर्ती म्हणजे मुखाच्या नऊपट उंची. नानासाहेबांच्या घरात हा हिशेब चालत नाही. तेथे कोळ्याची पोर आहे, शंख फुंकणारी स्त्री आहे, हात जोडून नमस्कार करणारी बाई आहे. समोर बसला माणूस, की त्याच्या गालाची सुरकुतीसुद्धा जशीच्या तशी. आणि हे सारे संगमरवरातच पाहिजे असेही नाही. पुष्कळसे काम साध्या सिमेंटचे, ज्याने आपण घराची जोती बांधतो त्या सिमेंटचे. आधी मातीत आकार करायचा, त्यावरून साचा घ्यायचा, साच्यात सिमेंट भरायचे. बापाची माती विरघळून गेली. लेकाने मातीचाच आकार टिकाऊ केला.

अंगणात एक म्हैस बसली आहे. सिमेंटचीच. पण पोटाचा घेर, मानेची वळी, डोळ्यांतले ते निवांतपण असे काही साधले आहे, की परका माणूस बाजूने जातो, न जाणो उठली तर! ज्ञानोबामाउलींच्या रेड्याची समाधी ज्यांनी आळ्यास जाऊन पाहिली आहे, त्यांना या जनावरापाशी दोन घटका उभे राहावेसे वाटेल. मला विचाराल तर पुण्याच्या घोड्यापेक्षा ही म्हैस सरस. घोड्यावर राजा आहे, म्हणून नजर वर जाते. हिच्यावर कोणी नाही.

१९६२ साली सरकारने पद्मश्री दिली, १९६४ साली ललित कला अकादमीने फेलो केले. १३ जून १९६७ रोजी देह ठेवला.

मागे राहिले घर, आणि त्यात दीडशेच्या आसपास मूर्ती. कर्ता गेला म्हणजे कारखाना ओस पडतो, पुतळे अडगळीत जातात, वारस वाटण्या करतात. चार गावांत हेच दिसते. करमरकरांच्या घरच्यांनी तसे होऊ दिले नाही. मुलाने व सूनबाईंनी राहत्या घराचेच संग्रहालय केले, आल्यागेल्याला दाखविले. दर्याचा खारा वारा, कोकणचा पाऊस, शेवाळ. मूर्ती पुसायच्या, पुन्हा पुसायच्या. या कामाला पद्मश्री नाही. तेथे गेलात तर ओसरीवर चपला काढून आत जा, आणि म्हशीच्या पाठीवर पोरांना चढू देऊ नका.