न्यायमूर्ती रानडे यांची वादरीती

मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ साली झाली. तीत उत्तीर्ण झालेल्या २१ विद्यार्थ्यांमध्ये महादेव गोविंद रानडे हे एक होते. त्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. बालपण मात्र वडिलांच्या नोकरीमुळे कोल्हापुरात गेले. लहानपणी ते इतके संथ व अबोल होते की, या मुलाचे पुढे कसे होणार, अशी घरच्या माणसांना काळजी वाटे. पुढे हाच मुलगा महाराष्ट्रातील जवळजवळ प्रत्येक मोठ्या वादाच्या मध्यभागी उभा राहिला, आणि तेथेही त्याच्या चित्ताचा तोल ढळला नाही.

या शांतपणाची पहिली कसोटी वर्गातच लागली. रानडे एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असता सर अलेक्झांडर ग्रँट हे तेथे मुख्याध्यापक होते. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रावरील त्यांचा ग्रंथ विद्वानांत मान्यता पावलेला होता, आणि रानड्यांच्या बुद्धिमत्तेवर त्यांचा लोभही होता. रानड्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची व इंग्रजी राज्याची तुलना केली आणि कौल मराठ्यांच्या बाजूने दिला. ग्रँटसाहेबांना हे रुचले नाही. जे सरकार तुम्हांला विद्या देत आहे त्याचीच निंदा करणे योग्य नव्हे, अशी समज त्यांनी रानड्यांना दिली आणि सहा महिने त्यांची शिष्यवृत्ती बंद केली.

शिक्षा अन्यायाची होती. अभ्यास करून मांडलेल्या मताला उत्तर मतानेच द्यावयाचे असते, पैसे अडवून नव्हे. वीस वर्षांच्या आसपासच्या तरुणाचे रक्त अशा प्रसंगी सहज तापते. रानड्यांनी मात्र गुरूंविषयी वावगा शब्द काढला नाही, की सोबत्यांना जमवून त्यांच्या विरुद्ध कुरकुर केली नाही. ते पूर्ववत् वर्गात बसत, पूर्ववत् शंका विचारीत. ग्रँटसाहेबांच्या विद्वत्तेविषयीचा त्यांचा आदर जन्मभर टिकला. परंतु ज्या मतासाठी शिक्षा झाली ते मतही त्यांनी टाकून दिले नाही. ते त्यांनी मनात जपून ठेवले.

१८६२ साली रानडे बी. ए. झाले, पुढे एम. ए. व कायद्याची परीक्षाही उत्तीर्ण झाले. अतिवाचनाने त्यांचे डोळे अधू झाले, तरी वाचन सुटले नाही. काही वर्षे त्यांनी एल्फिन्स्टनमध्येच अध्यापन केले, आणि १८७१ साली न्यायाधीश म्हणून ते पुण्यास आले.

त्या वेळचे पुणे म्हणजे वादांचे माहेरघरच होते. विधवाविवाह, स्त्रीशिक्षण, परदेशगमन, कोणताही विषय निघाला की दोन तट पडत. लोकांनी एकत्र बसून विद्वानांची भाषणे ऐकावीत आणि त्यांवर विचार करावा, या हेतूने १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तिच्या मुळाशी रानडेच होते. आपल्या न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करते ती वितंडा. पुण्यात जल्प आणि वितंडा यांना तोटा नव्हता. रानड्यांना हवा होता तो वाद.

त्याच वर्षी स्वामी दयानंद सरस्वती पुण्यास आले. रानडे प्रार्थना समाजाचे. वेद प्रमादरहित आहेत हे स्वामींचे मत त्यांना मान्य नव्हते. तरीही स्वामींची व्याख्याने घडवून आणण्यात त्यांनी पुढाकार घेतला आणि मिरवणुकीत ते स्वतः चालले. विरोधकांनी चिखलफेक केली. न्यायाधीशाच्या अंगावरही चिखल उडाला. परंतु न मिरवणूक सोडली, न चिखल फेकणाऱ्यांशी हमरीतुमरी केली.

गोपाळ कृष्ण गोखले हे तरुण शिक्षक रानड्यांच्या हाताखाली तयार झाले. हे शिक्षण कडक होते. जाडजूड सरकारी अहवाल वाचावयाचे, आकडे पडताळावयाचे, आणि सरकारचे म्हणणे सरकारहून अधिक नीट समजून घेतल्यावरच त्यावर टीका लिहावयाची. पूर्वपक्ष पक्का समजला की आवाज चढविण्याची गरज उरत नाही, हे गोखल्यांना या शिस्तीतून उमगले असावे. पुढे कायदेमंडळात त्यांची अंदाजपत्रकावरील भाषणे प्रतिपक्षीही लक्षपूर्वक ऐकत.

या शांतपणाचा सर्वांनाच संतोष होत होता असे मात्र नाही. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून पुण्यात मोठे काहूर उठले. रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले, तेव्हा सुधारकच रुष्ट झाले. त्यांचा राग अगदीच निराधार होता असे म्हणवत नाही. सौम्यपणा कोठे संपतो आणि माघार कोठे सुरू होते, ही रेषा फार सूक्ष्म असते.

१८९५ साली पुण्यात राष्ट्रसभेचे अधिवेशन भरावयाचे होते. रानड्यांची सामाजिक परिषद तोपर्यंत राष्ट्रसभेच्या मंडपातच भरत असे. राष्ट्रसभा सर्वांची आहे. ज्यांना सुधारणा नको त्यांच्याही वर्गणीतून उभा राहिलेला मंडप सुधारकांना देऊ नये, असा लोकमान्य टिळकांच्या पक्षाचा आग्रह होता. प्रकरण इतके चिघळले की, मंडप जाळून टाकण्याच्या धमक्या ऐकू येऊ लागल्या. रानड्यांनी मंडपावरील हक्क आपण होऊन सोडला आणि परिषद निराळ्या ठिकाणी भरविली. परिषद मात्र भरली, आणि तिचे कार्य पार पडले. पुणेकरांच्या भांडणात त्यांना दुष्टपणा दिसला नाही. जेथे लोक उदासीन असतात तेथे भांडणही होत नाही. पुण्यातील कलह हे लोकांच्या जिवंतपणाचे लक्षण आहे, असा अर्थ त्यांनी लावला.

१९०० साली मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. मराठ्यांचे राज्य म्हणजे केवळ लुटारूंची धामधूम नव्हती. तिच्यामागे संतांनी जागविलेल्या समाजाचे बळ होते, असे त्यांनी त्यात साधार दाखवून दिले. ज्या विषयाने एके काळी शिष्यवृत्ती गमावली होती, त्याच विषयावरील हे लेखन; पण त्यात जुन्या शिक्षेची कडवट चव कोठेही नाही. त्या वेळी ते मुंबईच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे निवर्तले. ज्या टिळकांशी त्यांचे इतकी वर्षे मतभेद झाले होते, त्यांनीच ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. त्यात वादांचा हिशेब नव्हता. महाराष्ट्रात चैतन्य ओतणाऱ्या पुरुषाचा मुक्तकंठाने केलेला गौरव होता.